जोडप्यांच्या समुपदेशकांना खुले पत्र: लहानपणीची भांडणं कशी संपायची, तेही विचारा

जोडप्यांचं समुपदेशन करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

जोडपं तुमच्याकडे पहिल्यांदा येतं तेव्हा तुम्ही बरंच काही विचारता. एकत्र राहायला लागून किती वर्षं झाली, मुलं किती, कोण काय काम करतं, भांडणं कशावरून होतात, कधीपासून वाढली, झोप लागते का, पैशांचे निर्णय कोण घेतं. हे सगळं विचारायलाच हवं. मला या यादीत एका गोष्टीची भर घालायची आहे. पहिल्या दोन-तीन भेटींतच, दोघांनाही, एकेकट्याला बसवून विचारा: तुम्ही बारा-पंधरा वर्षांचे असताना तुमच्या घरात भांडणं कशी व्हायची, त्यात तुम्ही स्वतः काय करायचात, आणि ती संपायची कशी?

मी तुमच्या व्यवसायातली नाही. आरडाओरडा, आदळआपट आणि मधूनमधून मारझोड अशा घरात मी वाढले. माझा नवरा वाढला त्या घरात कोणी आवाज चढवत नसे, पण अबोला सुरू झाला की आठवडेच्या आठवडे चालायचा. आमच्यात खटके उडायला लागले तेव्हा आम्ही आपणहून मदत मागायला गेलो. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्या, 'तू नेहमीच असं करतोस' असं म्हणू नका, आपल्याला काय वाटलं ते सांगा, असे सराव आम्हाला दिले गेले. सराव चांगले होते आणि आम्ही ते मनापासून करत होतो. पण खरं भांडण पेटलं की पहिल्या दोन मिनिटांत त्यातलं काहीही उरत नसे. असं का होतं, हे आम्हालाही कळत नव्हतं आणि समोर बसलेल्यांनाही. आम्ही कुठल्या घरांतून आलोय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. खूप उशिरा, दुसऱ्या एका समुपदेशक बाईंनी विचारलं, आणि कामाला तिथून सुरुवात झाली. मधली वर्षं फुकट गेली याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले, आणि म्हणूनच हे पत्र.

तुम्ही म्हणाल, ज्याला सांगावंसं वाटेल तो सांगेलच. नाही सांगत. याचा पुरावा तुमच्याच क्षेत्रात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल ओ'लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली वैवाहिक समुपदेशनासाठी आलेल्या १३२ जोडप्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या लेखी माहितीत फक्त ६ टक्के बायकांनी मारहाण ही संसारातली मोठी अडचण म्हणून नोंदवली होती. मुलाखतीत थेट विचारल्यावर ४४ टक्के बायकांनी ती होत असल्याचं सांगितलं. ढकललं का, थोबाडीत मारली का, वस्तू फेकून मारली का, अशी एकेक कृती विचारणारी प्रश्नावली हातात दिल्यावर आकडा ५३ टक्क्यांवर गेला. बायका त्याच, संसार तेच. बदलली ती फक्त विचारण्याची रीत.

ही झाली चालू संसारातली गोष्ट. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सोडलेल्या घराबद्दल माणूस त्याहून गप्प असतो. आई-वडिलांची बदनामी नको असते. ते आता थकलेले असतात, नातवंडांशी प्रेमाने वागत असतात, मग जुनं कशाला उकरायचं असं वाटतं. आणि मुख्य म्हणजे, ज्या घरात आपण वाढलो ते आपल्याला चारचौघांसारखंच वाटत आलेलं असतं. 'तुमच्या घरी हिंसा होती का?' असं मला कोणी विचारलं असतं तर मी कितीतरी वर्षं बेधडक 'नाही' म्हणाले असते. 'वडील चिडले की काय करायचे? तेव्हा तुम्ही घरात कुठे असायचात?' असं विचारलं असतं, तर दारावर बसलेली लाथ, तडा गेलेला आरसा, आणि मोरीची कडी आतून लावून, नळ सोडून, त्या आवाजात बसून राहणं हे सगळं मी सांगितलं असतं. नळ कशासाठी सोडायचा, तर बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून. पण पूर्ण सोडायचा नाही, कारण बाहेर शांत झालं की तेही कळायला हवं.

त्या मोरीत जे शिकलं गेलं ते मोठेपणी सोबत येतं, आणि ते कसं येतं हे समजून घेतल्याशिवाय तुमचे सराव आमच्या कामी येणार नाहीत.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सेठ पोलक यांनी मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली. सुरुवातीला चित्र अगदी धूसर, मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाणारं. घरात मार खाल्लेल्या मुलांनी रागावलेला चेहरा इतर मुलांपेक्षा आधी, कमी तपशिलावरून ओळखला. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मला तो वाचताना आश्चर्य वाटलं नाही. जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून आजची संध्याकाळ कशी जाणार हे ओळखता येणं ही त्या घरातली गरजच होती. त्याच्या बारा वर्षं आधी, १९९० मध्ये, केनेथ डॉज आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं होतं की घरात मारहाण झालेली लहान मुलं संदिग्ध प्रसंगात समोरच्याच्या मनात वैर आहे असं धरून चालण्याकडे जास्त झुकतात, आणि प्रसंग सामोपचाराने मिटवण्याचे मार्ग त्यांना कमी सुचतात. म्हणजे राग लवकर दिसतो, नसला तरी दिसतो, आणि दिसल्यावर काय करायचं याचे पर्याय मात्र मोजके.

आता हे सगळं घेऊन तिशी-पस्तिशीला पोचलेलं माणूस डोळ्यांसमोर आणा. जोडीदार कामावरून येतो, दमलेला असतो, किल्ल्या टेबलावर टाकतो. किल्ल्या जरा जोरात आपटतात. आतल्या खोलीत ती जे करत असते ते थांबतं. खांदे वर जातात. ती बाहेर येऊन विचारते, "काय झालं?" तो म्हणतो, "काही नाही." खरोखरच काही झालेलं नसतं. पण तिला त्याच्या कपाळावरची आठी दिसते, आणि ज्या घरात ती वाढली तिथे 'काही नाही'नंतर पाच मिनिटांत काहीतरी व्हायचंच. म्हणून ती पुन्हा विचारते, आता आवाज थोडा वर. "मग तोंड असं का?" तो वैतागतो. आता त्याच्या चेहऱ्यावर खरा राग येतो, आणि तिच्या अंगाला खात्री पटते की आपण म्हणत होतो तेच खरं. पुढच्या भेटीत हेच तुमच्यापर्यंत 'ही उगाच संशय घेते' आणि 'हा मनातलं काही बोलतच नाही' अशा दोन तक्रारी होऊन येतं. तक्रारी दोन्ही खऱ्या असतात. पण संवाद सुधारायला सांगून ते खांदे खाली येत नाहीत. ते का वर जातात हे दोघांनाही आधी कळावं लागतं. आमच्या घरात हे कळल्यावर नवऱ्याने एवढंच केलं की दार उघडताच स्वतःहून सांगायला लागला: "दमलोय, तुझ्यावर चिडलेलो नाही." हे वाक्य कुठल्याही सरावाच्या कागदावर नव्हतं.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती तुमच्या एका आवडत्या सल्ल्याशी जोडलेली आहे. जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनानंतर बरेच समुपदेशक सांगतात की भांडणात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं नीट ऐकून घेणं अवघड होतं, तेव्हा निदान वीस मिनिटं थांबा, वेगळे व्हा, शांत होऊन परत या. सल्ला योग्य आहे. पण तो कोणाला दिला जातोय हे पाहा. ज्याच्या घरात अबोला हीच शिक्षा होती, त्याच्या लेखी जोडीदाराचं उठून दुसऱ्या खोलीत जाणं ही विश्रांती नसते. ती शिक्षेची सुरुवात असते. आणि जिच्या घरात कोणी उठून गेलं की परत येताना हातात काहीतरी घेऊनच यायचं, तिच्यासाठी ती वीस मिनिटं धसक्याची असतात. आम्ही हा सल्ला पाळत होतो आणि दर वेळी त्याने भांडण वाढत होतं. त्या दुसऱ्या बाईंनी त्यात दोनच गोष्टी घातल्या. जाताना कधी परत येणार ती वेळ सांगायची, आणि परत येण्याची जबाबदारी जो उठून गेला त्याची. सल्ला तोच राहिला. पण आमच्या लहानपणाची घरं माहीत असल्याशिवाय ही दुरुस्ती कोणाला सुचली नसती.

'मुलं जे पाहतात तेच शिकतात' हे वाक्य या विषयात इतक्या वेळा म्हटलं जातं की त्यापुढे कोणी विचारच करत नाही. ते चुकीचं नाही, अपुरं आहे. मूल घरातलं भांडण फक्त प्रेक्षक म्हणून पाहत नाही. ते त्यात उतरतं.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं कुटुंबांच्या घरी जाऊन, समोर बसून, कोण काय बोललं आणि त्यावर कोण काय बोललं याच्या नोंदी केल्या. त्यातून जो आकृतिबंध पुढे आला तो साधारण असा. आई काहीतरी करायला सांगते, मुलगा कुरकुरतो. आई आवाज चढवते, मुलगा ओरडतो. आई धमकावते, मुलगा वस्तू आपटतो, आणि आई थकून विषय सोडून देते. मुलगा शिकतो की आपण समोरच्यापेक्षा एक पायरी वर गेलो की आपल्या मनासारखं होतं. आई शिकते की सोडून दिलं की घर शांत होतं. दोघांनाही बक्षीस मिळालेलं असतं, म्हणून पुढच्या खेपेला दोघंही तेच करतात, फक्त सुरुवात वरच्या पायरीपासून होते. कधी आईऐवजी मुलगा माघार घेतो, तेव्हा आई शिकते की हात उगारल्याशिवाय हा ऐकत नाही. पौगंडावस्थेपर्यंत अशा हजारो फेऱ्या झालेल्या असतात. पुढे ज्या माणसावर प्रेम असतं, ज्याच्याकडून काहीतरी हवं असतं, त्याच्यासमोर हात आपोआप याच हत्याराकडे जातो.

ऑरेगनमध्येच दोनशेहून अधिक मुलग्यांचा शाळकरी वयापासून तरुणपणापर्यंत मागोवा घेणारा अभ्यास झाला. डेबोरा कॅपाल्डी आणि सारा क्लार्क यांनी १९९८ मध्ये त्यावर लिहिलं. आपल्या जोडीदार मुलीशी आक्रमक वागणाऱ्या तरुणांच्या बाबतीत आई-वडिलांच्या आपसातल्या मारामारीपासून थेट त्यांच्यापर्यंत रेघ ओढता येत नव्हती. ती रेघ आई-वडिलांच्या मुलाला हाताळण्यातल्या अकुशलतेतून आणि मुलाच्या स्वतःच्या किशोरवयातल्या बेबंद, आक्रमक वागण्यातून जात होती. २००३ साली मिरियम एरेनसाफ्ट आणि सहकाऱ्यांनी ५४३ मुलांचा वीस वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. त्यातही जोडीदारावर हात उचलण्याशी सर्वांत घट्ट संबंध दिसला तो किशोरवयातल्या गंभीर वर्तनसमस्यांचा, आणि त्यापाठोपाठ आई-वडिलांमधली हिंसा पाहण्याचा आणि जरबेच्या शिक्षेचा.

म्हणून 'तुम्ही काय करायचात?' हा प्रश्न वगळू नका. तुमच्याशी काय झालं एवढंच विचारलंत तर प्रत्येक जण फक्त सोसल्याच्या गोष्टी सांगेल. तुम्ही आईच्या अंगावर धावून गेला होतात का, धाकट्या भावंडाला मारायचात का, मध्ये पडायचात का, एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला घालून पाडून बोलायचात का, घराबाहेर पळायचात का, हेही विचारा. भावंडांमधली मारामारी तर कोणी धरतच नाही. कुटुंबातल्या सगळ्या हिंसेत ती सर्वाधिक आढळते आणि सर्वांत कमी मनावर घेतली जाते. 'भावंडं आहेत, भांडणारच' एवढ्यावर विषय संपतो. पण धाकट्याला नमवून गप्प बसवण्याची सवय ज्याने सात-आठ वर्षं रोज गिरवली, त्याच्यासाठी आपल्यापेक्षा हळव्या जोडीदाराबरोबरचं नातं नवीन नसतं. आणि ज्याने रोज नमतं घेतलं त्याच्यासाठीही नसतं. हे उत्तर द्यायला लाज वाटते, म्हणून तर एकेकट्याला विचारायचं.

आता अमेरिकेतल्याच आयोवा राज्यातला अभ्यास सांगते, कारण तो आधीच्या सगळ्याला वेगळं वळण देतो. रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी २००० साली १९३ तरुण-तरुणींबद्दल लिहिलं. ही मुलं किशोरवयात असताना संशोधकांनी त्यांच्या कुटुंबातलं बोलणं-वागणं प्रत्यक्ष पाहून नोंदवलेलं होतं. विशीत ती प्रेमात पडली, तेव्हा ती जोडीदाराशी कशी बोलतात हेही पाहिलं गेलं. ज्यांच्या आई-वडिलांनी त्यांना किशोरवयात माया लावली होती, त्यांच्यात लक्ष घातलं होतं, ती जोडीदाराशी जास्त जिव्हाळ्याने आणि कमी वैरभावाने वागत होती, आणि त्यांची नातीही जास्त समाधानाची होती. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की आई-वडील एकमेकांशी कसे वागतात किंवा भावंडं कशी वागतात यापेक्षा, आई-वडील त्या मुलाशी कसे वागतात याचा प्रभाव इथे दिसला. एरेनसाफ्ट यांच्या निष्कर्षाशी हे पूर्ण जुळत नाही. पण एका अभ्यासात जोडीदाराला झालेली मारहाण मोजली होती, दुसऱ्यात रोजच्या बोलण्यातला जिव्हाळा आणि कडवटपणा. माझं मत विचाराल तर दोन्ही गोष्टी विचारायला हव्यात. घरात कोण कोणावर ओरडायचं, आणि त्याच घरात कोण तुमच्या बाजूला येऊन बसायचं. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तुम्हाला पुढच्या कामाचं भांडवल सापडेल.

आता भांडणाचा शेवट. भांडणं कशी संपायची, यावर मी इतका भर का देते त्याचं कारण मार्क कमिंग्ज यांच्या कामात आहे. १९९१ सालच्या एका अभ्यासात त्यांनी मुलांना आणि किशोरवयीनांना मोठ्या माणसांच्या भांडणाची चित्रणं दाखवली. भांडणाचे शेवट वेगवेगळे ठेवले होते. काहींत भांडण चालूच राहिलं, काहींत अबोला धरला गेला. काहींत एकाने निमूट हार मानली किंवा विषय बदलला. काहींत माफी मागितली गेली किंवा दोघांनी मधला मार्ग काढला. माफी आणि तडजोडीचे शेवट पाहिलेली मुलं सर्वांत कमी अस्वस्थ होती. हार मानणं आणि विषय बदलणं मधल्या पातळीवर. आणि सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे दोन शेवट कोणते, तर चालू राहिलेलं भांडण आणि अबोला. दोन्ही एकाच रांगेत. पुढच्या एका अभ्यासात असंही दिसलं की भांडण बंद दाराआड मिटलं आणि मुलांना नंतर नुसतं सांगितलं गेलं, तरी त्यांना बराच दिलासा मिळतो.

हे वाचल्यावर मला माझ्या आणि नवऱ्याच्या घरातला फरक वेगळाच दिसायला लागला. तोवर आम्ही दोघंही धरून चाललो होतो की त्याचं घर सभ्य होतं आणि माझं रांगडं, त्यामुळे बिघाड माझ्यात आहे. सुरुवातीच्या समुपदेशनातही नकळत तोच सूर होता, कारण आवाज माझा चढायचा. प्रत्यक्षात दोन्ही घरांत एक गोष्ट कधीच घडली नव्हती. भांडणानंतर कोणी कोणाजवळ येऊन 'माझं चुकलं' किंवा 'आपण असं करू या का' म्हटलेलं आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं. माझ्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालंच नाही अशा थाटात सगळे वावरायचे. त्याच्या घरात एक दिवस कोणीतरी काहीतरी कामाचं विचारायचं आणि अबोला सुटायचा. कशावरून धरला होता ते मात्र कधीच बोललं जायचं नाही. भांडण सुरू करणं आम्हाला येत होतं, ताणणंही येत होतं. मिटवणं आम्ही कुठे पाहिलेलंच नव्हतं. माफी मागायला सांगितली की माझा नवरा अक्षरशः अडखळायचा. त्याला वाईट वाटत नसे असं नाही. ते शब्द कोणत्या स्वरात, कुठे पाहत, कितपत जवळ जाऊन बोलायचे, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून मिटवण्याचा सराव घ्या, आणि भेटीच्या वेळेत, तुमच्यासमोर घ्या. दहा वेळा घ्या. घरी करून पाहा म्हणून सोडून देऊ नका.

आता एक विनंती, आणि ती तितकीच कळकळीची आहे. उत्तर मिळालं की त्याचा शिक्का करू नका. 'मारझोडीच्या घरातून आलाय, म्हणजे हा मारणारच' हे शास्त्राला धरून नाही. सँड्रा स्टिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली अनेक अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण केलं, त्यात हिंसेच्या घरात वाढणं आणि पुढे स्वतःच्या नात्यात हिंसा असणं यांचा संबंध कमकुवत ते मध्यम इतकाच निघाला. संबंध आहे, नियम नाही. मुलांना मारहाण करणाऱ्या पालकांबद्दलही जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून असा अंदाज दिला की लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोक पुढे आपल्या मुलांशी तसं वागतात. म्हणजे बहुसंख्य तसं वागत नाहीत. मिनेसोटामध्ये बायरन एगलंड आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली, लहानपणी छळ सोसूनही स्वतःच्या मुलांचा छळ न करणाऱ्या आयांकडे पाहिलं. त्यांच्या आयुष्यात तीन गोष्टी जास्त आढळल्या: लहानपणी आधार देणारं एखादं मोठं माणूस, कधीतरी घेतलेले मानसोपचार, आणि आताच्या जोडीदाराशी आधाराचं, स्थिर नातं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तुमच्या खोलीत घडू शकतात. या संशोधनातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

शिक्का जसा नको, तशी सूटही नको. 'त्याचं लहानपणच तसं होतं' हे ऐकून ज्या बायकांनी वर्षानुवर्षं मार खाल्ला त्या तुम्हालाही भेटल्या असतील. जोडीदाराचं दुखणं समजून घेतलं म्हणून त्याचा उगारलेला हात सोसायचा नसतो, आणि हे वाक्य तुम्ही दोघांसमोर स्पष्टपणे बोललं पाहिजे. एकेकट्याला विचारा असं मी पहिल्यापासून म्हणते त्याचं हेही कारण आहे. मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये जोडप्यांतल्या हिंसेचे प्रकार वेगळे करून दाखवले. भांडण हाताबाहेर जाऊन झालेली झटापट वेगळी, आणि एका माणसाने दुसऱ्याला पैसा, माणसं, हालचाल अशा सगळ्या बाजूंनी ताब्यात ठेवण्यासाठी पद्धतशीर वापरलेला धाक वेगळा. दुसरा प्रकार असेल तर दोघांना शेजारी बसवून 'मनातलं बोला' असं सांगणं धोक्याचं आहे. तिथे बोललेल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. तिथे जोडप्याचं समुपदेशन थांबवून आधी त्या व्यक्तीच्या सुरक्षिततेचं पाहा.

राहिला तुमच्या वेळेचा प्रश्न. मला माहीत आहे की तुमच्याकडे मोजक्या भेटी असतात, जोडपी चिडलेली येतात, त्यांना या आठवड्यातल्या भांडणावर तोडगा हवा असतो, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं ऐकण्याची त्यांची तयारी नसते. म्हणून मी तुमच्याकडे सगळा जीवनपट मागत नाही. तिन्ही प्रश्न मिळून प्रत्येकाला अर्धा तास पुरतो. एकेक कृती नावानिशी विचारा, 'हिंसा' हा शब्द शेवटी आला तरी चालेल. मिळालेल्या उत्तरातलं जोडीदाराला काय सांगायचं आणि काय नाही, हे ज्याचं उत्तर आहे त्याला ठरवू द्या. आणि पुढच्या प्रत्येक सल्ल्याच्या वेळी ते उत्तर समोर ठेवा.

एवढं विचारून झालं की आणखी एक चौकशी करा, कारण बऱ्याच जोडप्यांच्या घरी या क्षणी एखादं बारा-पंधरा वर्षांचं मूल असतं. तुम्ही भांडता तेव्हा ते घरात कुठे असतं, मध्ये पडतं का, तुमच्यापैकी कोणावर ओरडायला किंवा हात उचलायला लागलंय का, आणि भांडण मिटलं की त्याला ते कोणी सांगतं का. बहुतेक आई-वडील म्हणतील की ते आपल्या खोलीत असतं, त्याला काही कळत नाही. तेव्हा त्यांना विचारा की ते स्वतः त्या वयाचे असताना खोलीत बसून त्यांना काय काय कळत होतं. त्याच दिवशी घरी जाऊन मुलाला 'आमचं काल भांडण झालं होतं, ते मिटलंय, आणि त्यात तुझा काही दोष नव्हता' एवढं सांगायला लावा. मग पुढच्या भेटीत, सांगितलं का आणि मूल काय म्हणालं, ते आठवणीने विचारा.

आपली नम्र,
समुपदेशनासाठी येऊन गेलेल्या एका जोडप्यातली पत्नी